तीन लिप्या आणि एक पोरगं: डिस्लेक्सियाच्या मुलांना वाचायला शिकवताना

सोप्यातली बाई (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी,

गेली नऊ वर्षं मी घरच्या सोप्यात (ओसरीवर) मुलांना वाचायला शिकवते. कुणाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी चांगली पण वाचन अडतं, तर कुणाला "ह्याच्या डोक्यात काही शिरत नाही" म्हणून सोडून दिलेलं आहे. बहुतेक नंदगड, जांबोटी बाजूची, दोघं-तिघं बेळगावातून बसने येतात. परवा एक आई आली. पोरगा तिसरीत. तिने बसायच्या आधीच विचारलं, "बाई, मराठी शाळेतनं काढून इंग्लिश मिडियमला घालू काय? तिथं तरी वाचंल." तिला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्या उंबऱ्यावर येतो.

माझं उत्तर होतं, नको. घरात जी भाषा बोलता तिची लिपी आधी पक्की होऊ दे. एक लिपी हाताला लागली की दुसरीची वाट सोपी होते. शाळा बदलली की पोराची लिपी बदलते, भाषाही बदलते, आणि अडचण होती तिथेच राहते.

ही अडचण डोळ्यांची नाही आणि बुद्धीचीही नाही. 'डिस्लेक्सिया' हा शब्द १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने काढला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. पोरगा चांगला हुशार, पण वाचता येईना. तेव्हापासून कितीतरी वर्षं दोष बघण्यातल्या गडबडीवरच जात राहिला. आज कळतं ते असं, की बहुतेक मुलांची गाठ आवाजापाशी बसलेली असते. शब्दातले आवाज सुटे करणं आणि प्रत्येक आवाजाला त्याचं अक्षर झटकन जोडणं त्यांना जड जातं. म्हणून चित्राखालचा 'कमळ' घडाघडा वाचणारा पोरगा चित्र झाकल्यावर 'कळस'ला अडतो.

आता आपल्या सीमाभागाचं बघा. मराठी शाळेतल्या मुलाच्या दप्तरात मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही पुस्तकं. म्हणजे तीन लिप्या, आणि तिघींचे नियम वेगळे. जोडाक्षर घ्या. मराठीत पहिलं अक्षर अर्धं होतं आणि दुसरं पूर्ण राहतं. कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं बारीक होऊन खाली बसतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. 'सर्प'मधला र् आपल्याकडे प च्या डोक्यावर चढतो. कन्नडमध्ये तोच र् खूण बनून प च्या नंतर, ओळीतच येतो. आवाज एकच, पण बसायची जागा दोन. साधं मूल हे न सांगता उचलतं. डिस्लेक्सियाच्या मुलाला कुणीतरी शेजारी बसून, बोट धरून हे दाखवायला लागतं, आणि शाळेत ५० पोरांत तेवढा वेळ कुणाला नसतो.

एका पोराचं सांगते. येळ्ळूरचा, वय नऊ. वाचताना 'किल्ला'चा 'कल्ला' करायचा, लिहिताना वेलांटी कुठेही टाकायचा. पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. पितळी ताटात जाड रवा पसरला आणि खडे मोजून दिले. मी म्हटलं "चिमणी", त्याने एकेका आवाजाला एक खडा ठेवला. चि, म, णी. तीन. मग म्हटलं, यातला पहिला खडा फोड. बराच वेळ गप्प. ओठ हलत होते. मग हळूच म्हणाला, "च्... इ." त्या खड्याच्या जागी मी दोन ठेवले, एक काळा, एक पांढरा. मग रव्यात बोटाने 'चि' काढायला लावलं. त्याने हात थांबवून विचारलं, "बाई, च आधी ऐकू येतोय, मग ही वेलांटी पुढं जाऊन का बसल्या?"

ह्या प्रश्नासाठी मी त्या पोराची पाठ थोपटली. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी बसते. आपण मोठी माणसं हे विसरून गेलेलो असतो. तेव्हापासून माझ्याकडचा नियम ठरलेला आहे: बोट आधी व्यंजन काढणार आणि तोंडाने 'च्' म्हणणार, मग डावीकडे येऊन वेलांटी काढणार आणि 'इ' म्हणणार. पुस्तकातलं वळण वेगळं शिकवत असतील, पण हात, कान आणि जीभ एकाच क्रमाने चालल्या की पोराची गल्लत थांबते. त्याला चार आठवडे लागले. रवा झाला, मग पॉलिश पेपरची (खरखरीत कागदाची) कापलेली अक्षरं, मग पाटी, आणि शेवटी वही.

ही पद्धत माझी नाही. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात ती बसवली. डोळा, कान, हात आणि तोंड एकाच वेळी कामाला लावायचं, सोप्यापासून अवघडाकडे पायरी न गाळता जायचं, आणि काल शिकलेलं आज पुन्हा घेतल्याशिवाय नवं द्यायचं नाही. त्यांनी ती इंग्रजीसाठी केली. देवनागरीसाठी आपली आपणच पायरी लावायला लागते. मी घ/ध, भ/म, ब/व, थ/य ह्या जोड्या एका आठवड्यात कधीच घेत नाही. एक रुळला, पंधरा दिवस गेले, मग दुसरा. कन्नडमध्ये प, व, म, ष दिसायला एका साच्यातले, तिथेही तसंच. आणि मराठीचा च! 'चमचा'तला वेगळा, 'चिमणी'तला वेगळा, अक्षर मात्र एक. ते आधीच सांगून टाकते, मूल फसल्यावर नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावी. आपल्याकडे घरात 'पानी', 'लोनी' म्हणतात. पोरगं तसंच लिहितं. हा डिस्लेक्सिया नव्हे. ते त्याच्या कानाला ऐकू येतं तसं बरोबर लिहितंय. अशा चुकांना लाल शाई मारून पोराला आजारी ठरवू नका.

तुमच्याकडे कुणी काय केलं, काय चाललं, काय फसलं, लिहा.

निपाणीची लेक

ताई, वाचताना अंगावर काटा आला. माझी मुलगी चौथीत. रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखतं. दोन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. रविवारी दुखत नाही. गोष्ट सांगितली की शब्दन् शब्द लक्षात ठेवते, आजीला परत सांगते. पुस्तक दिलं की रडते. कोल्हापुरात दाखवू की बेळगावात? आणि तपासणी मराठीत होते का? मागे एकांनी इंग्रजी उतारा वाचायला देऊन "मंद आहे" असं सांगितलं होतं. इंग्रजी तिला येतच नाही हो.

सोप्यातली बाई

बाळ, तिच्या पोटदुखीला खोटं म्हणू नका. तिचं पोट खरंच दुखतं, फक्त कारण पोटात नाही.

तपासणी मराठीतच मागा, हा तुमचा हक्क समजा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी केली आहे, २०१५ मध्ये ती आली. तेव्हा ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत होती. पहिली-दुसरीसाठी वेगळी, तिसरी ते पाचवीसाठी वेगळी. आपल्या भागाला ह्याहून चांगलं काय पाहिजे, मराठी आणि कन्नड दोन्ही त्यात आहेत. जिथे जाल तिथल्या मानसशास्त्रज्ञाला पहिलाच प्रश्न हा विचारा, की मुलीला कोणत्या भाषेत तपासणार. त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या, तो भाग राहायला नको.

जुना मास्तर

मी सीमेवरच्या गावात ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. बाई, तुमचं वाचलं आणि रात्री झोप आली नाही.

माझ्या वर्गात एक पोरगा होता. शेतातलं सगळं ज्ञान, बैलाची जात लांबून सांगायचा, तोंडी हिशोब माझ्याआधी करायचा. वाचायला उभा केला की घाम फुटायचा. मला वाटलं, नाटक करतो. छडी मारली. वर्गाबाहेर उभा केला. सहावीत शाळा सोडून गेला. आज तो कुठे आहे मला माहीत आहे, आणि मी त्याच्या दारात जायला धजलेलो नाही.

एक सांगायचं आहे. माझे आजोबा धूळपाटीवर शिकले. पाटावर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचं, मोठ्याने म्हणायचं, पुसायचं, परत काढायचं. हे जे रव्याचं ताट, ते आपल्याकडे होतंच. वह्या आल्या आणि आम्ही ते टाकून दिलं. नव्या मास्तरांनी ते परत आणावं, म्हणून लिहितो.

सोप्यातली बाई

गुरुजी, तुम्ही इथे लिहिलंत ते फार मोठं आहे. त्याच्या दारात जा. मी माझ्या पहिल्या दोन वर्षांतल्या एका मुलीच्या आईकडे अशी गेले आहे. चहा दिला, बसायला पाट दिला, दुसरं काही बोलली नाही. पण पुढच्या जूनमध्ये तिने धाकट्या मुलाला माझ्याकडे पाठवलं.

धूळपाटीचं अगदी खरं. फक्त एक फरक मी करते. धूळपाटीवर पोरं 'क' काढून 'क' म्हणायची, पण त्याआधी कानाने आवाज सुटा करायचं काम वेगळं होत नसे. डिस्लेक्सियाच्या मुलाला ते आधी पाहिजे. खडे आधी, रवा नंतर.

बी.एड. वाली

मी विशेष शिक्षणात शिकते आहे, म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडते. ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये अमेरिकेत निघाला. त्यात फायद्याकडे कल दिसला, पण तो सांख्यिकीच्या कसोटीला उतरण्याइतका ठाम नव्हता. आवाज आणि अक्षर पायरीपायरीने, उघडपणे शिकवणं याला मात्र भरपूर आधार आहे. २००० मधल्या अमेरिकी नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीने तेच सांगितलं. म्हणजे रवा किंवा रांगोळी ही जादू नव्हे. पायरी चुकली तर नुसत्या रव्याने पोरगं वाचणार नाही.

आपल्या लिप्यांबद्दल संशोधक सोनाली नाग यांचं २००७ चं काम बघा. त्यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांवर अभ्यास केला. अक्षरांची संख्या इतकी मोठी की साध्या मुलांचीही अक्षरओळख चौथीपर्यंत चालूच असते. इंग्रजीचं वेळापत्रक लावून "दुसरीत वाचलंच पाहिजे" म्हणणं आपल्या मुलांवर अन्याय आहे.

सोप्यातली बाई

हे लिहिलंस ते बरं केलंस. मीही पालकांना हेच सांगते, की ताट हे साधन आहे, शिकवणं क्रमात आहे. तरी नऊ वर्षांच्या अनुभवावरून एक सांगते. बोट रव्यात गेलं की पोराचे खांदे खाली येतात. वहीतली चूक दिसत राहते, रव्यातली एका हाताने पुसली जाते. भीती गेली की कान उघडतो. माझ्या पोरांपैकी निम्म्यांचं पहिलं काम भीती घालवायचंच होतं.

वडगावचा बाप

नमस्कार. आमच्या घरात मी मराठी, बायको कन्नड. मुलगा दोन्ही फाडफाड बोलतो. शाळा कन्नड माध्यमाची, घराजवळ आहे म्हणून. तिसरीत असून कागुणित (कन्नड बाराखडी) अजून डळमळीत. घरचे म्हणतात दोन भाषांमुळे झालं, एक बंद करा. माझी आई म्हणते कन्नड बोलू नको, सासू म्हणते मराठी बोलू नको, रोज भांडण. आणि एका ठिकाणी रंगीत काचांचा चष्मा घ्या म्हणाले, किंमत ऐकून गप्प बसलो. घ्यावा का?

सोप्यातली बाई

चष्म्याचे पैसे ठेवून द्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र सांगून टाकलं आहे, की रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम याने डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही. नंबर असेल तर साधा चष्मा लावा, तेवढंच.

आणि कृपा करून कुणाचीही बोली बंद करू नका. दोन भाषा बोलल्याने डिस्लेक्सिया होत नाही. असेल तर तो बहुधा दोन्हीत दिसतो, ही मोठी खूण आहे. नुसती कन्नडच वाचता येत नाही आणि मराठीत काही अडचण नाही, असं असेल तर बहुधा सराव कमी पडतोय एवढंच. आईने कन्नड गोष्ट सांगावी, तुम्ही मराठी सांगा. वाचायला मात्र सध्या एकच लिपी धरा, आणि शाळा कन्नड आहे तर ती कन्नडच. कागुणित एका ओळीत घोकून घेऊ नका. एक स्वरचिन्ह घ्या, पाच ओळखीच्या व्यंजनांना लावा, आवाज मोठ्याने, बोट रव्यात. ते पक्कं झाल्याशिवाय पुढचं नको. आईलाच शेजारी बसवा, उच्चार तिचा शुद्ध असणार.

सीमावासी ६६

बाई, सगळं बरोबर, पण मूळ दुखणं कुणी बोलत नाही. लहान पोरांवर तीन लिप्या कुणी लादल्या? त्याविरुद्ध आवाज उठवायचा सोडून आपण रवा पसरत बसायचं का?

सोप्यातली बाई

दादा, मी ह्याच मातीतली आहे, माझ्या वडिलांनी सीमाप्रश्नासाठी तुरुंग पाहिला. माझं मत मला आहे आणि ते मी लपवत नाही. पण संध्याकाळी पाच वाजता माझ्यासमोर आठ वर्षांचं पोरगं येऊन बसतं. त्याला सहा महिन्यांत परीक्षा आहे आणि कन्नडचा पेपर आहे. त्याला मी म्हणू का, की थांब, लढा संपू दे? कन्नडही मी त्याला तेवढ्याच मायेने शिकवते, कारण शाळेत हात वर करता आला नाही की पोरगं आतून मोडतं. ह्या धाग्यावर मुलांचंच बोलूया.

खानापूर ते बेंगळूर

माझा मुलगा गेल्या वर्षी एसएसएलसीला (दहावीला) बसला, म्हणून कागदपत्रांचं लिहितो, कुणाला उपयोग होईल. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हिच्यातच येतो) ही दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत घेतली आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे दिव्यांगत्वाचा दाखला वयाच्या आठव्या वर्षापासून मिळायचा, १४ ला आणि १८ ला परत तपासणी, १८ नंतर कायमचा. त्यासाठी बुद्ध्यांक आणि बेंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बनवलेल्या चाचण्या घ्यायचे.

आम्हाला एका दवाखान्यातून तीन वेळा परत पाठवलं, "मुलगा बोलतो तर चांगला" म्हणून. चौथ्या वेळी कायद्याचा कागद छापून नेला. लेखनिक मिळणाऱ्या मुलाला परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ असं केंद्राच्या सूचनांत आहे. मात्र अर्ज शाळेमार्फत वेळेत जायला लागतो. हेडमास्तरांकडे नववीतच जा, दहावीच्या डिसेंबरात जाऊन काही होत नाही. मुलाला आता पाहिजे तो कोर्स मिळाला आहे.

निपाणीची लेक

ताई, दोन महिन्यांनी परत येते आहे. तपासणी मराठीत झाली. डिस्लेक्सियाच आहे. दाखल्याचं काम चालू केलंय. रोज संध्याकाळी अर्धा तास, तुम्ही सांगितलं तसं. वाचन अजून संथच आहे, एका पानाला दहा मिनिटं लागतात. पण सोमवारी पोट दुखलं नाही. त्यानंतरच्या सोमवारीही नाही.

आता रफारावर अडकलोय. 'सूर्य'ला 'सूय्र' वाचते, लिहिताना रफार नेमका स वर देते. खड्यांनी सांगितलं तर तिला बरोबर ऐकू येतो, कागदावर गेलं की चुकतो. आणि रवा बोटाला चिकटतो, घामाने असेल.

सोप्यातली बाई

कानाला येतोय म्हणजे अर्धी वाट झाली.

तीन चिठ्ठ्या करा. एकीवर 'सू', एकीवर नुसता 'र्', एकीवर 'य'. तिन्ही ओळीत ठेवून वाचून घ्या, प्रत्येक चिठ्ठीवर बोट टेकवत. मग 'र्'ची चिठ्ठी तिच्याच हाताने उचलून 'य' च्या डोक्यावर ठेवायला लावा, आणि चिठ्ठी उचलताना 'र्', खाली टेकवताना 'य' म्हणायला सांगा. 'सू' ला हात लावायचाच नाही. चार दिवस एवढंच, 'सूर्य', 'सर्प', 'वर्ग', 'दर्या'. 'क्रम', 'प्रकाश' हे शब्द आत्ता अजिबात नकोत. तो र खालचा आहे, दोन्ही एकत्र आले की गोंधळ होणार. तो पुढच्या महिन्यात.

रवा तव्यावर कोरडा भाजून घ्या आणि गार झाल्यावर वापरा. नाहीतर रांगोळी चालते, जरा जाडसर घ्या. ताटात रव्याखाली गडद रंगाचा कागद ठेवलात तर रेघ उठून दिसते.

रविवारी सुट्टी द्या तिला. त्या दिवशी फक्त आजीला गोष्ट सांगू दे.